जिन्यावरचे वीस सेकंद

चिकटरावांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखाने नांदत होतं. बाकी सगळं ऑफिस त्यांना चिकटराव म्हणे. एक तर तीस वर्षं तुटलेल्या फिल्मचे तुकडे चिकटवण्यात गेली म्हणून, आणि दुसरं म्हणजे एखाद्या कामाला लागले की गोचिडीसारखे लागत म्हणून. जुने सिनेमे सांभाळून ठेवणाऱ्या त्या कचेरीत तळमजल्यावर त्यांची खोली होती. खिडकी उत्तरेला. टेबलावर दोन फिरत्या चकत्या, मधे खालून उजेड देणारी काच, एक भिंग, पांढरे सुती हातमोजे, आणि अलीकडे एक संगणक. तो त्यांना मुळीच आवडत नसे आणि त्याच्याशिवाय आता त्यांचं पानही हलत नसे.

गेली तीन वर्षं ते सात डब्यांसाठी भांडत होते. डब्यांत एक जुना, काळा-पांढरा भुताचा सिनेमा होता. पन्नासेक वर्षांपूर्वी लागला आणि चौथ्या दिवशी उतरला. त्याचं नावसुद्धा लोकांना धड आठवत नसे. कुणी ‘जिना’ म्हणे, कुणी ‘जिन्यावरची बाई’. पाहिलेले जे पाच-दहा म्हातारे उरले होते त्यांना गोष्ट आठवत नसे, नट आठवत नसत. ‘तो जिना मात्र...’ एवढं म्हणत आणि विषय बदलत. दिग्दर्शकाने नंतर दुसरा सिनेमा काढला नाही. पडद्यावर दाखवण्याजोगी प्रत एकही शिल्लक नव्हती. होती ती फक्त निगेटिव्ह, आणि ती दर उन्हाळ्याला आणखी थोडी आंबत होती. डबा उघडला की व्हिनेगरचा असा भपकारा येई की डोळ्यांतून पाणी निघावं.

“मॅडम, यंदा तरी हे डबे घ्या स्कॅनिंगला,” चिकटराव दर जानेवारीत म्हणत.

“क वर्गात आहेत ना ते?” मॅडम म्हणजे कचेरीच्या मुख्य. त्यांच्या टेबलावर तीन रंगांचे शिक्के होते आणि त्या ते कधीच स्वतःच्या हातून सोडत नसत.

“क वर्ग म्हणजे नक्की काय हो?”

“अ आणि ब संपल्यावर जे राहतं ते.”

“अ कधी संपणार?”

“मी निवृत्त झाल्यावर बहुतेक,” मॅडम म्हणत आणि फाइल बंद करत.

चिकटराव जिना उतरताना दात-ओठ खात. त्यांना इतिहासाची, कलेची वगैरे फारशी काळजी नव्हती. त्यांना घाई होती ती ताईची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय एकाहत्तर. आठ वर्षांपूर्वी चिकटरावांची बायको गेली तेव्हा ‘महिनाभर राहते’ म्हणून आली आणि राहिली. एकोणीस वर्षांची असताना ती एका दिवसापुरती या सिनेमात उभी राहिली होती. जिन्यावरची बाई ती. वीस सेकंद. श्रेयनामावलीत नाव नाही, तोंडी वाक्य नाही. सिनेमा लागला तेव्हा वडिलांनी पाहू दिला नाही. ‘घरची पोर भूत झाली एवढं पुरे, बघायला आणखी कशाला जायचं?’ म्हणाले. मग तो उतरलाच. ताईने स्वतःला कधी पाहिलंच नाही.

आणि आता तिचे डोळे चालले होते. दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध एक करडा ठिपका आला होता आणि तो वाढत होता. कडेचं दिसे, समोरचं पुसलं जाई. आता फार तर वर्षभर मिळेल, असं डॉक्टर अलीकडेच म्हणाले होते.

“तू समोर बसलास ना धाकट्या, की मला तुझे कान तेवढे दिसतात,” ताई म्हणे. “तेही काही वाईट नाही म्हणा. चेहरा पूर्वीपासून बेताचाच.”

“दाखवतो गं तुला सिनेमा. होईल यंदा.”

“डोळे जायच्या आत दाखव. नंतर म्हणशील, नुसती ऐक. आणि त्यात मी बोलतच नाही!”

शेवटी तिसऱ्या वर्षी, अ वर्गातले काही डबे पावसाच्या पाण्यात भिजून वाळत पडले, स्कॅनिंगचं यंत्र रिकामं बसलं, आणि मॅडमनी कंटाळून एक हिरवा शिक्का मारला. चिकटरावांनी तो कागद दोन हातांनी छातीशी धरून खाली आणला.

घरी मात्र एक शब्द बोलले नाहीत. एकदम दाखवायचं, असा बेत होता. तो बेत केला नसता, संध्याकाळी चहा पिताना ‘काय गं, त्या जिन्यावर तू करतेस तरी काय?’ एवढं सहज विचारलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण माणसाला आश्चर्याचा धक्का द्यायची हौस असते.

काम महिनाभर चाललं. यंत्र प्रत्येक फ्रेमचा फोटो काढी, चिकटराव तो संगणकावर पुसून, घासून, ओरखडे काढून ओळीत लावीत. सेकंदाला चोवीस फ्रेम. पाचव्या डब्याच्या अखेरीला जिना आला.

एका खऱ्या घरातला लाकडी जिना. तेरा पायऱ्या, वर एक दार, दारामागे मिट्ट काळोख. दार उघडतं, पांढऱ्या पायघोळ कपड्यातली एक मुलगी बाहेर येते आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून एकेक पायरी उतरत अगदी जवळ येते. चेहरा ताईचा. ते नाक, ती जिवणी. चिकटरावांनी भिंग बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

मग पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र त्यांच्यातला कारागीर जागा झाला. काहीतरी चुकत होतं. मुलीचं चालणं बरोबर नव्हतं. पाऊल पडायच्या आधीच पायरीवरची धूळ उठत होती आणि पाऊल पडलं की बसत होती. केस हलायचे ते मान हलायच्या आधी.

त्यांनी फिल्मची कड पाहिली. निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातूनच आकडे छापून आलेले असतात, दर फुटाला एक, चढत्या क्रमाने. सगळ्या सिनेमाभर ते शहाण्यासारखे चढत होते. फक्त या तीस फुटांत उतरत होते. शिवाय डोक्यावर उभे होते.

“उलटा जोडलाय गाढवाने!” चिकटराव खोलीत एकटेच ओरडले. त्यांना झालेला आनंद काय सांगावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी जोडाऱ्याची चूक त्यांना सापडली होती. तुकडा उलटा जोडला तर चित्रही डोकं खाली, पाय वर दिसायला हवं. इथे आकडे उलटे आणि चित्र मात्र सुलट, हे काही जुळत नव्हतं. इथे खरं तर त्यांनी थांबायला हवं होतं. ते दोन मिनिटं थांबलेही. मग म्हणाले, लॅबमधल्या कुणीतरी डुलक्या काढत निस्तरायला जाऊन आणखी घोळ घातला असेल. आणि त्यांनी त्या चारशे ऐंशी फ्रेम कडेच्या आकड्यांप्रमाणे ओळीत लावल्या.

आता धूळ पाऊल पडल्यावर उठत होती. केस मानेमागून हलत होते. सगळं कसं नैसर्गिक. फक्त मुलगी आता खालून वर जात होती. कॅमेऱ्याकडे तोंड ठेवून, पाठीमागे न बघता, उलट्या पावलांनी तेरा पायऱ्या चढून ती काळोखात शिरत होती आणि दार लागत होतं.

भूतच ते, उलटं चालायचंच, असं म्हणून चिकटरावांनी तपासणीच्या कागदावर सही केली. मॅडमनी लाल शिक्का मारला. लाल म्हणजे अंतिम. सोमवार होता. नियमाप्रमाणे आंबलेली निगेटिव्ह नष्ट करायच्या गाडीत चढली, कारण तिच्या वासाने शेजारचे डबेही आंबतात.

त्याच आठवड्यात शुक्रवारी ते घरी आले तर ताई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. एका फटक्यात ओवला.

“दिसला तुला?”

“न दिसायला काय झालं? ठिपका बराच लहान झालाय रे. तुझं नाकसुद्धा दिसतंय. कान बरे होते.”

डॉक्टरांनी तपासलं. पुन्हा तपासलं. यंत्र बिघडलंय म्हणून नर्सला बसवून यंत्र तपासलं. यंत्र ठीक होतं. “असं होत नाही,” ते जरा चिडूनच म्हणाले, जणू ताईने परस्पर काहीतरी केलं होतं.

गुडघेही सुधारले. इमारतीच्या दारातल्या तीन पायऱ्या ताई गेली चार वर्षं आडवी होऊन, खेकड्यासारखी चढे. रविवारी वरच्या मजल्यावरचे मास्तर चिकटरावांना खाली भेटले. मास्तर निवृत्त, गणिताचे. इमारतीच्या गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असे आणि तेवढ्या बळावर ते सगळ्यांना शिस्त लावत.

“तुमच्या ताई आज जिन्यात दिसल्या. पहिल्या वळणावर.”

“वर चढली? चालत?”

“चालत. पण उलट्या. माझ्याकडे पाठ नाही हं, म्हणजे मी खाली होतो, तर माझ्याकडे तोंड. बघत होत्या माझ्याकडे आणि पाय मागे-मागे. मी म्हटलं, पडाल. तर म्हणाल्या, असं चढलं की गुडघा कुरकुरत नाही.”

चिकटरावांना ते पटलं. गुडघ्यांचं काही सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला मिळाली त्यांना पाहणीची छोटी खोली. चार अर्ज, दोन स्मरणपत्रं, आणि ‘नातेवाईक म्हणून नव्हे, मूळ कलाकार म्हणून’ असं एक हमीपत्र. बावीस खुर्च्या, पैकी दोन भरलेल्या. ताई बसने आली होती, केसांना तेल लावून, नीट आवरून. तिने सिनेमा शांतपणे पाहिला. नायक तावातावाने बोलू लागला की तिला हसू येई. “हा आम्हाला सारखा वारा घालायला लावायचा,” म्हणाली.

पाचवा डबा आला. जिना आला. मुलगी समोर उभी राहिली, मग मागे-मागे वर गेली, दार लागलं. चिकटराव पडद्याकडे नाही, ताईकडे बघत होते.

ताई म्हणाली, “छान दिसत होते रे मी.”

“होतीसच.”

“पण हे उलटं आहे.”

“काय उलटं?”

“अरे, त्यांनी कॅमेरा डोकं खाली करून टांगला होता. मला उलटं चालत वर जायला लावलं आणि मग म्हणे ती फिल्म फिरवून जोडायची, म्हणजे पडद्यावर मी खाली येताना दिसणार, आणि चाल अशी विचित्र दिसणार की लोक घाबरतील. तुला ठाऊक असेल, तुझाच धंदा.” ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर आता दुसरंच काहीतरी चाललं होतं. “तू मला वर पाठवलंस.”

आकडे उलटे, चित्र सुलट. कॅमेरा टांगलेला. तीस वर्षांचा अनुभव, आणि पोरसवदा उमेदवारानेही केली नसती अशी चूक. वरून ‘गाढव’ कुणाला म्हणालो? मनातल्या मनात त्यांनी त्या जुन्या जोडाऱ्याची क्षमा मागितली.

“चुकलं गं. करतो दुरुस्त. एक बटण दाबायचं काम आहे.” मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “आणि वर जाऊन मग खाली कशी आलीस? त्याच जिन्याने?”

ताई विचारात पडली.

“तेच बघ ना,” ती म्हणाली. “वर गेलेलं आठवतं. पाठीमागे दार उघडल्याचा आवाज आठवतो. मला वाटलं, त्यांचाच कुणी माणूस असेल आत. पण खाली आलेलं काही आठवत नाही. दिग्दर्शक म्हणाला होता, तू फक्त जा मुली, खाली आणायचं काम आमचं.”

“आत कोण होतं?”

“मी पाठ करून होते ना रे. मला कसं दिसणार?”

घरी आल्यावर तिने चहाचे तीन कप मांडले आणि विचारलं, “तुझी बायको अजून आली नाही?”

चिकटरावांनी तिसरा कप हळूच परत फळीवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी ते मॅडमच्या खोलीत होते.

“एक चूक झालीय. माझ्या हातून. वीस सेकंद उलटे लागलेत.”

“लाल शिक्का पडलाय,” मॅडम म्हणाल्या.

“तो मागे घ्या.”

“शिक्का मागे घेता येत नाही. त्यावर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जासोबत मूळ निगेटिव्हचा दाखला लागतो.”

“निगेटिव्ह गेली की जाळायला! तुम्हीच पाठवलीत.”

“मग दाखला कसा मिळणार?” मॅडमनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

त्यांनी खालून प्रयत्न केला. संगणकाने पासवर्ड मागितला. दिलेला पासवर्ड चुकीचा आहे म्हणाला. तोच आणखी दोनदा दिला, तर तीन वेळा चुकलात म्हणून दार लावून बसला. चिकटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा यंत्रावर हात उगारला आणि मग तो खाली घेऊन, हातमोजा काढून, डोळे पुसले.

कारण घरी रीळ उलटं फिरत होतं. रीळ उलटं गुंडाळताना आधी ते भरलेलं, जड असतं, हळू फिरतं. मग हलकं होत जातं आणि शेवटी हाताला न ऐकता भरारतं. ताईचं तसंच चाललं होतं. शुक्रवारी रात्री तिला त्यांची बायको नुसतीच बाहेर गेलेली वाटत होती. शनिवारी दुपारी तिने विचारलं, “लग्नाचं काही मनावर घेणार आहेस की नाही?” रविवारी तिने वडिलांना हाक मारली. आणि डोळे असे लखलखीत, की समोरच्या इमारतीवरची पाटी खुर्चीतून वाचत होती. तीन वर्षं चिकटरावांनी देवाकडे, डॉक्टरांकडे, मॅडमकडे तेच डोळे मागितले होते.

सोमवारी ती त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, “तुम्ही आमच्या बाबांसारखे दिसता. त्यांचे कुणी लागता का?”

“मी धाकटा गं,” चिकटराव म्हणाले.

ती खळखळून हसली. “धाकटा सात वर्षांचा आहे! शाळेत गेलाय.”

सात वर्षांचा. चिकटरावांनी हिशेब केला नाही, करायची गरजच नव्हती. ती कुठल्या दिवसाकडे निघाली होती ते त्यांना ठाऊक होतं, आणि तो दिवस आता फार लांब नव्हता.

त्या दुपारी ते मॅडमच्या दारासमोर बाकावर बसले आणि उठले नाहीत. शिपाई दोनदा सांगून गेला. पाच वाजता मॅडम बाहेर आल्या.

“एवढं काय आहे हो त्या वीस सेकंदांत?”

“माझी बहीण आहे,” चिकटराव म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा अकरा वर्षांत पहिल्यांदा. “उद्या अकराला. माझ्यासमोर. एकदाच उघडणार, एकदाच बंद करणार.”

मंगळवारी सकाळी ताई आठ वाजताच तयार होती. पांढरे कपडे. केस मोकळे.

“कुठे निघालीस?”

“शूटिंगला. गाडी येणार आहे मला न्यायला. तुम्ही बाबांना सांगू नका हं.”

चिकटरावांनी मास्तरांना बोलावून आणलं, खुर्ची दारात आडवी टाकून त्यांना तिथे बसवलं, आणि म्हणाले, “मी येईपर्यंत हिला कुठे जाऊ देऊ नका. काहीही म्हणू दे.”

“चाळीस वर्षं चाळीस-चाळीस पोरं सांभाळली आहेत,” मास्तर म्हणाले.

अकराला मॅडमनी पासवर्ड घातला. पाठ करून नव्हे, चिठ्ठीवर बघून. चिकटरावांनी पाचवा डबा उघडला, जिन्यापर्यंत आणला आणि चालवला.

लाकडी जिना. तेरा पायऱ्या. वर दार, बंद.

वीस सेकंद तो जिना तसाच होता. पायऱ्यांवर धुळीचा एक कणही हलला नाही.

“यात कोणीच नाही,” मॅडम म्हणाल्या.

चिकटरावांनी पुन्हा चालवला. मग एकेक फ्रेम पाहिली. कडेचे आकडे जागच्या जागी होते. चारशे ऐंशी फ्रेम, एकही कमी नाही. चारशे ऐंशी वेळा तोच जिना आणि तेच बंद दार.

“याच्यासाठी तुम्ही मला—”

चिकटरावांनी फोन उचलला होता.

“मास्तर, ताई कुठे आहे?”

“अहो, आत्ताच,” मास्तरांना धाप लागली होती. “मी खुर्चीत होतो हो, शपथ. कशा गेल्या कळलंच नाही. जिन्यात गाठलं तर वर चाललेल्या. माझ्याकडे बघत, मागे-मागे. मी हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही. हसल्या तेवढ्या.”

“वर कुठे?”

“वर म्हणजे गच्ची. पण गच्चीला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. आत्ता हातात आहे.” ते थांबले. “तरी दार लागल्याचा आवाज आला.”

चिकटरावांनी फोन खांद्याशी धरला आणि दोन्ही हात संगणकावर ठेवले.

“काय करताय?” मॅडम म्हणाल्या.

“उलटं करतोय.”

“रिकामा जिना उलटा केला काय आणि सुलटा केला काय!”

त्यांनी बटण दाबलं. चारशे ऐंशी फ्रेम फिरल्या. त्यांनी चालवून पाहिलं.

लाकडी जिना. तेरा पायऱ्या. बंद दार.

पडद्यावर काहीच झालं नाही.

“थांबा,” फोनमध्ये मास्तर म्हणाले. “थांबा, थांबा. दार वाजलं.”

चिकटरावांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

“उतरतायत. हो, त्याच. आल्या. सरळ आल्या हो, आपल्यासारख्या.” मास्तरांचा आवाज मोकळा झाला. “गेल्या माझ्या बाजूने घरात. काळजी करू नका. पाणी-बिणी देतो त्यांना.”

मॅडमनी लाल शिक्का उचलला, कागदावर दाबला, आणि त्यावर फुंकर घातली. “आता हे पुन्हा उघडणार नाही,” म्हणाल्या. “तुमच्यासाठीसुद्धा नाही.”

“नको,” चिकटराव म्हणाले. “नकोच.”

बसमध्ये ते उभे राहिले, जागा असून.

मास्तर जिन्यात बसले होते, किल्ली अजून हातात. चिकटरावांना बघून त्यांनी नुसतीच मानेने आत खूण केली.

ताई स्वयंपाकघरात होती. कपडे बदललेले, केस बांधलेले.

“आलास धाकट्या? आज लवकर?”

“मी... मला ओळखलंस?”

“कानांवरून,” ताई म्हणाली.

ते खुर्चीत बसले. तिने विचारलं, बरं नाही का. त्यांनी मान हलवली. त्यांनी विचारलं, माझी बायको कुठे आहे. ती जवळ आली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “अरे, आठ वर्षं झाली तिला जाऊन.” आणि चिकटराव, साठीला आलेले, कचेरीत कुणापुढे न नमणारे, तिच्या हाताखाली लहान पोरासारखे रडले. सगळं जागच्या जागी होतं. डोळे गेले तर गेले. वाचून दाखवू तिला. सांगू सगळं.

“चहा घे,” ताई म्हणाली.

तिने कप पुढे ठेवला. त्यांनी डोळे पुसून तो उचलला.

कप थंडगार होता. कालचा असावा तसा.

“गार आहे गं हा.”

“थांब की जरा,” ताई म्हणाली. ती समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

खिडकीतून येणाऱ्या उन्हात, छताच्या खाली, पांढरा विरळ धूर जमायला लागला होता. तो गोळा झाला, त्याची एक दोरी झाली, ती हलत-हलत खाली आली आणि, चहातून वाफ निघते त्याच्या बरोबर उलट, कपात शिरू लागली.

चिकटरावांच्या हातातला कप तापत चालला.